चोकच्या फटीतलं कार्ड

१२ मार्च, शनिवार

नळ येऊन सव्वीस दिवस झाले. टँकर उद्या येणार, असं परवापासून ऐकते आहे.

सकाळी बिराजदारांचा फोन. त्यांच्या नव्या इमारतीत आपल्या तीनशे ट्यूबा लावून झाल्या, काल पहिल्यांदा सगळ्या एकदम पेटवल्या. उजेड उत्तम. पण मेन बोर्डातली न्यूट्रलची वायर इतकी तापली की वायरमननं स्विच पाडला. फेजच्या वायरी नुसत्या कोमट. न्यूट्रल सगळ्यांपेक्षा गरम, असं त्यानं उभ्या जन्मात पाहिलं नाही म्हणे.

मीही नाही. हे असते तर आधी चहा मागितला असता. अवघड दुरुस्ती आली की ह्यांची चहाची हाक गाण्याच्या चालीवर यायची.

हे गेल्यानंतरची ही पहिली मोठी ऑर्डर. ट्यूबा परत आल्या तर त्यांतले चोक, लोखंडी पट्ट्यांवरची तारेची वेटोळी, गुंडाळणाऱ्या चौघींना काय सांगू.

१४ मार्च, सोमवार

भाऊजींबरोबर इमारतीवर गेले. वायरीवर हात धरून पाहिला. पाच मोजेपर्यंत टिकला.

बिराजदार ह्यांचे शाळेपासूनचे दोस्त. ओरडायला आले असतील, ओरडता आलं नाही. म्हणाले, "वहिनी, आप्पाच्या हातची ट्यूब माझ्या देवघरात सहा वर्सं झाली जळूलाली. ही बी त्याच घरची न्हवं?"

उदगीर जिल्हा होणार, सरकारी ऑफिसं भाड्याची जागा शोधणार, या हिशेबानं त्यांनी इमारत उभी केली आहे. त्यांच्या इंजिनिअरनं कागद हातात दिला. वीस वॅटची ट्यूब म्हणजे पंचवीसच्या आतली. अशा ट्यूबेच्या सप्लायनं, म्हणजे आतल्या वीज पुरवणाऱ्या भागानं, मूळ करंटच्या तुलनेत तिसरा हार्मोनिक (मूळ लाटेवर चढणारी तिप्पट वेगाची लहर) शहाऐंशी टक्क्यांच्या आत ठेवायचा, पाचवा एकसष्टच्या आत. तपासून आणा, नाहीतर उतरवून घ्या. मुदत अक्षयतृतीया.

भाऊजींनी दुकानाची पाटी रंगवून घेतली आहे. खाली ‘जि. उदगीर’. लेटरहेडसुद्धा. चौघींतली रत्ना पाटीखाली उभी राहून म्हणाली, "गुरुभाऊ, बाळंतीण अजून माहेरी गेली न्हाई, आन् तुमी बारशाचा पाळणा टांगलाव."

१८ मार्च, शुक्रवार. नांदेड

पहाटेची एसटी, जळकोट-कंधारवरून. दोन ट्यूबा चादरीत गुंडाळून मांडीवर. शेजारची बाई डोकावून म्हणाली, "लेकरू लई लांबडं हाय की वो."

इंजिनिअरिंग कॉलेजातल्या मॅडम माझ्या मुलीच्या वयाच्या असत्या, मुलगी असती तर. त्यांनी मीटर लावलं. पडद्यावर करंटची लाट दिसायला हवी होती. दिसल्या नुसत्या सुया. उभी सुई, मग सपाट, मग उभी सुई.

तिसरा ८८. पाचवा ७२. दोन्ही हद्दीच्या बाहेर.

मॅडमनी समजावलं. लाईनचं व्होल्टेज चढतं, उतरतं. आपला सप्लाय ते माथ्यावर आलं की तेवढ्यात घटाघटा करंट ओढतो, बाकी वेळ गप्प. म्हटलं, म्हणजे आमच्या गल्लीत टँकर आल्यासारखं. दिवसभर कुणी नाही, आणि पाइप सुटला की शंभर घागरी एकदम. मॅडम हसल्या. म्हणाल्या, "काकू, हे मी वर्गात सांगणार."

न्यूट्रलचंही कळलं. तीन फेजचे मूळ करंट परत येताना एकमेकांना खोडतात. तिसरा हार्मोनिक खोडला जात नाही, तिघांचा मिळून त्याच एका वायरीत येतो. वायरमननं तीही बारीक ओढलेली.

निघताना मॅडमनी विचारलं, "यात चोक आहे म्हणता? चोक तर करंटला दमानं घ्यायला लावतो. मग इतकं वाईट यायला नको."

हे वाक्य बसमध्ये कंधारपर्यंत डोक्यात. पुढे झोप लागली.

१९ मार्च, शनिवार

भाऊजींचं म्हणणं ऐकून घेतलं. दिल्लीहून तयार सप्लाय येतात, आत चिप असते, चोक लागतच नाही. तीनशे मागवू, ट्यूबांत घालून देऊ, नाव राहील. "वहिनी, तार गुंडाळायचा जमाना गेला. दादा असता तर त्यानंच बदललं असतं."

कदाचित बदललंही असतं. पण सांगायची ही वेळ नव्हती. पलीकडच्या खोलीत चौघींची यंत्रं एकदम थांबली.

रत्ना बाहेर आली, पाणी प्यायल्यासारखं केलं (माठ रिकामा होता), आणि परत गेली. वीस वर्षं चोक गुंडाळते आहे. ह्यांनी शिकवलेली पहिली बाई ती. न मोजता, नुसत्या हाताच्या अंदाजानं फेरे बरोबर घालते.

२३ मार्च, बुधवार

मॅडमनी नियमांच्या पुस्तकाची झेरॉक्स दिली आहे. इंग्रजी. मी सातवी पास, बाकी सगळं ह्यांच्या पुस्तकांच्या कडेनं शिकले. शब्दकोश उजवीकडे, पुस्तक डावीकडे, मधे मी. आज दीड पान.

रत्ना : "काय वाचूलालाव अक्का? पोथी?"

मी : "हो. पाचवा अध्याय."

तिला खरंच वाटलं. पदर घेऊन बसली. पाचवा हार्मोनिक समजावून सांगितला. शेवटी म्हणाली, "मंजे बुद्धाचंच झालं की. हावरटपणा करू नये."

२६ मार्च, शनिवार

स्वयंपाकघरातली ट्यूब उतरवली. ह्यांनी केलेली, ह्यांनी टांगलेली. चौदा महिन्यांत तिच्यावरची धूळसुद्धा पुसली नव्हती मी. पुसली.

उघडली. शेजारी बिराजदारांकडची एक. तार तीच. लोखंडाच्या पट्ट्या त्याच. फेरे रत्नाकडून उलगडून मोजून परत घालून घेतले, तेवढेच. मग चोकचे दोन भाग वेगळे केले. मधल्या फटीत ह्यांच्या ट्यूबेत जाड कार्डाचा तुकडा, पिवळा पडलेला. त्यावर ‘चि. सौ. कां.’ आणि अर्धं फूल. नव्या ट्यूबेत वहीचा कागद. एकेरी रेघांचा.

रत्नाला हाक मारली.

"हे काय गं?"

"कागद."

"कार्ड का नाही?"

"कार्डं संपली, अक्का. दोन सालं पाऊस न्हाई, लग्नं कुटं लागूलाली? लागली तरी फोनवरच कळवूलाले. कार्ड यायचंच बंद झालं घरात. आपल्या इंदूच्या नातवाची वही होती, ती फाडली. कागद तो कागदच न्हवं?"

मला हसावं की रडावं कळेना. ह्यांची वीस वर्षांची रीत. गावात लग्न झालं की महिन्याभरानं चारचौघांकडे जाऊन पत्रिका मागून आणायच्या. देवाचं नाव वरच्या पट्टीत, ती कापून तुळशीत ठेवायची, उरलेल्याचे तुकडे. आम्हाला वाटायचं, फुकटचा पुठ्ठा म्हणून. मुद्दा पुठ्ठ्याच्या जाडीचा होता हे ह्यांनी कुणाला सांगितलं नाही, किंवा सांगितलं आणि मी भाकरी थापत होते.

झेरॉक्समध्ये हे नाही. ह्यांच्या जुन्या पुस्तकात सापडलं. फट कमी पडली की लोखंड चुंबकानं लगेच भरून जातं. भरलं की चोक असून नसल्यासारखा.

म्हणजे दोष गुंडाळण्यात नाही. रत्नाला हे तीनदा सांगितलं. तिसऱ्यांदा तिनं डोळे पुसले आणि म्हणाली, "मग त्या इंदूच्या नातवाला झोडपा."

२ एप्रिल, शनिवार. नांदेड

स्वयंपाकघरातली ट्यूब नेली. तिसरा ७९, पाचवा ५४. पास. पडद्यावर सुईच्या जागी बुटका रुंद डोंगर. मी तो बराच वेळ बघत राहिले. मॅडमनी घाई केली नाही.

भाऊजींनी नमुना म्हणून दिलेला दिल्लीचा सप्लायही लावला. तोही पास. ह्यांच्यापेक्षा फार चांगला, जवळजवळ खरी लाट. मॅडम म्हणाल्या, "खोटं कशाला सांगू, काकू. हा चांगला आहे."

मी म्हटलं, आमच्याकडे लाईन दुपारी एकशे सत्तर व्होल्टवर येते, भार उतरला की अडीचशेच्या वर उडी मारते. हा टिकेल? त्या म्हणाल्या, ते इथे बसून सांगता येणार नाही. प्रामाणिक मुलगी.

फटीत काय घालायचं? त्यांनी मोजून जाडी लिहून दिली. त्या जाडीची इन्सुलेशनची शीट हैदराबादला मिळेल.

४ एप्रिल, सोमवार

भाऊजींना सगळं सांगितलं, दिल्लीवाला चांगला आला हेसुद्धा. मग म्हणाले, "तुमच्या मनात आहे ना, मग शीट मागवतो. अक्षयतृतीयेच्या आठ दिवस आधी नाही आली तर दिल्ली. चालेल?"

चालेल म्हटलं. न्यायाचं बोलले.

बिराजदारांकडून तीनशेच्या तीनशे ट्यूबा उतरवून आणल्या. बैठकीत भिंतीला लावून ठेवल्यात. घरात चालण्यापुरती नुसती वाट उरली आहे.

८ एप्रिल, पाडवा

गुढी उभारली. दाराला आंब्याची पानं मिळाली नाहीत, झाडंच वाळली. हे दुसरं वर्ष.

दुपारी एकटीनं वहीचा कागद दुहेरी, चौपदरी घालून पाहिला. चोक गुणगुणतो. फाइलचा पुठ्ठा घातला, तो फारच जाड. आपल्याकडे हार्मोनिक मोजायचं मीटर नाही. प्रत्येक तुकड्यासाठी नांदेड गाठायचं का?

१४ एप्रिल, गुरुवार

रत्नाची सुट्टी. संध्याकाळी पांढऱ्या साडीत आली, डब्यात खीर. टँकरचं पाणी खिरीला वापरलं म्हणून सासूशी भांडून आली होती. दोघींनी एका वाटीत खाल्ली.

१९ एप्रिल, मंगळवार

शीट नाही. हैदराबादवाला म्हणतो, सहा तारखेलाच पाठवली.

प्रेसवाल्याकडे गेले. म्हटलं, लग्नाच्या कार्डाचा तो जाड कागद आहे? त्यानं नुसता रिकामा कप्पा उघडून दाखवला. दोन वर्षं मागणी नाही, ठेवतच नाही. "त्या कागदावर शेवटचं काम..." म्हणाला आणि थांबला. मग दुसरंच काहीतरी बोलायला लागला.

मला कळलं शेवटचं काम कुणाचं ते. नमस्कार करून आले.

२५ एप्रिल, सोमवार

पार्सलचा पत्ता लागला. म्हणजे पत्ताच लागला नाही, हे कळलं. भाऊजींनी ऑर्डर नव्या लेटरहेडवर दिली. खाली जि. उदगीर. आणि जिल्हा बदलला की पिनकोडही बदलेल म्हणून तो रिकामा सोडला. हैदराबादवाल्यानं जसंच्या तसं पार्सलवर उतरवलं. कुरिअरच्या कुठल्या गोदामात आहे, कुणाला ठाऊक नाही.

भाऊजी खुर्चीत बसून राहिले. इतकं पडलेलं तोंड मी त्यांचं एकदाच पाहिलं आहे.

रत्ना त्यांच्यापुढे चहा ठेवून म्हणाली, "जाऊ द्या गुरुभाऊ. जिल्हा झाला की येईल."

आधी ते हसले. मग आम्ही सगळेच.

२६ एप्रिल, मंगळवार

ट्रंक उघडली.

ह्यांच्या शिवगणाराधनेची, म्हणजे आमच्यातल्या दिवसकार्याची कार्डं. ‘लिंगैक्य झाले’, खाली तारीख, वेळ, प्रसाद. भाऊजींनी पाचशे छापली होती. त्या महिन्यात अर्धी पेठ कामासाठी पुण्याकडे निघून गेलेली, वाटायला घरात माणूस सापडेना. दोनशेवर उरली. असलं कार्ड वाचलं की फाडायचं, घरात ठेवायचं नाही, अशी रीत. मला फाडता आली नाहीत. लुगड्यात बांधून ठेवली, कुणाला सांगितलं नाही.

एक काढून स्वयंपाकघरातल्या तुकड्याशेजारी धरलं. दोन नखांत धरून पाहिलं. तीच जाडी.

परत बांधून ठेवली.

२८ एप्रिल, गुरुवार

एका कार्डाचे चार तुकडे होतात. तीनशे ट्यूबांना पंचाहत्तर कार्डं.

हे असते तर विचारलं असतं, यात रडण्यासारखं काय आहे, पुठ्ठा आहे. आणि मग स्वतःच दुसऱ्या खोलीत गेले असते.

३० एप्रिल, शनिवार

टेबलावर गठ्ठा ठेवला आणि चौघींना सांगितलं.

इंदू उठून उभीच राहिली. "अक्का, मेल्या माणसाचं कार्ड लोकांच्या दिव्यात? न्हाई वो. लोकं उजेड लावत्यात, त्येच्यात हे..."

रत्नानं कात्री घेतली. "आमच्यात हे असलं काही न्हाई. आन् ह्ये मेल्या माणसाचं न्हाई, आप्पाचं हाय. त्यांनीच मला ह्या खुर्चीत बसवलं. मी कापते. तू नुस्ते फेरे घाल."

इंदू बसली. पण दिवसभर तोंडातल्या तोंडात काहीतरी म्हणत होती. शिव्या नव्हत्या, जप असावा.

भाऊजी मधेच आले. गठ्ठा पाहिला. निमंत्रकांत शेवटचं नाव त्यांचं. एक कार्ड उचलून पूर्ण वाचलं, जणू आत्ताच आलं आहे. "दोनशे उरली होती? मला वाटलं सगळी वाटली." मग म्हणाले, "दादाला एवढे लोक ओळखतात असं वाटलं होतं मला, म्हणून पाचशे..."

म्हटलं, ओळखत होते, गावात नव्हते.

ते रत्नाशेजारी बसून कापायला लागले. वाकडं कापतात. रत्नानं त्यांचे दहा तुकडे बाद केले.

३ मे, मंगळवार. नांदेड

तीन ट्यूबा नेल्या, गठ्ठ्यातल्या कुठल्याही. तिसरा ७८, ७९, ७९. पाचवा ५३, ५४, ५३. मॅडमनी छापून, सही करून दिलं. म्हणाल्या, "शीट मिळाली वाटतं."

मी हो म्हटलं असतं तर चाललं असतं. सांगितलं काय घातलंय ते. त्यांनी पेन खाली ठेवलं. मग म्हणाल्या, "पुठ्ठा कोरडा ठेवा. वॉर्निश नीट द्या, ओल धरता कामा नये."

ओल कुठून धरणार या वर्षी.

५ मे, गुरुवार

कागद घेऊन एकटी बिराजदारांकडे गेले. भाऊजी म्हणत होते, फक्त रिपोर्ट द्या, आतलं कशाला बोलता. पण ती त्यांची वास्तू आहे. उद्या कुणी ट्यूब उघडली, त्यात ‘लिंगैक्य’ वाचलं, तर ते माझ्याकडून कळलेलं बरं.

रिपोर्ट वाचून खुश झाले. मग मी सांगितलं.

चष्मा काढला. "वहिनी, नवी वास्तू हाय. जिल्ह्याची हापिसं यायचीत."

"म्हणून तर सांगायला आले."

"न सांगता लावली असती तर मला काय कळलं असतं?"

"नसतं कळलं."

चष्मा पुन्हा लावला. त्यांच्या सूनबाई आतून ऐकत होत्या, बांगड्या वाजल्या. शेवटी म्हणाले, "घरात इचारतो."

नको असतील तर दिल्लीचे सप्लाय यायला आठ दिवस. मुदत सोमवारी. मग यंत्रांवर कापड टाकायचं. चौघींना हे माहीत आहे. कुणी विचारलं नाही.

६ मे, शुक्रवार

फोन नाही.

तीनशे चोक पुरे झाले. वॉर्निश दिलं, गच्चीवर वाळत टाकले. इतकं ऊन की दुपारपर्यंत हाताला चिकटेनात. ऊन तेवढं भरपूर आहे.

रत्ना म्हणाली, एक तरी कार्ड अखंड ठेवा. उरलीत की सव्वाशे, म्हटलं. "तसं न्हाई. समोर ठेवा, बांधून नगं." बघते म्हटलं.

आज पहिल्यांदा ह्यांच्या खुर्चीत बसून जेवले. मुद्दाम नाही. बाकी सगळीकडे ट्यूबा होत्या.

७ मे, शनिवार

संध्याकाळी फोन वाजला. भाऊजींनी उचलून माझ्याकडे दिला.

बिराजदार. "वहिनी, परवा सूनबाई बोलली. म्हणली, देवघरातली ट्यूब काढा आदी, आप्पाकाकाच्याच हातची हाय ती. मंजे तिला म्हणायचंय की, असलं मनात धरायचं तर मग ती बी काढावी लागंल."

"काढली का?"

"न्हाई अजून. स्टुलावर चढलो होतो." मग विचारलं, "त्या कार्डावर माझं नाव हाय का? निमंत्रकांत?"

"आहे. खालून तिसरं."

"मी सोलापूरला होतो. मला कार्ड मिळालंच न्हाई. फोनवर कळलं." मग, "उद्या सकाळी येतो मी तुमच्याकडं. वायरमनला बी घेऊन येतो. त्येला येक ट्यूब उघडून दाखवा म्हणलं तर दाखवाल न्हवं?"

दाखवीन म्हटलं.

ट्यूबा लावायला येतात की सौदा मोडायला, ते बोलले नाहीत. मीही विचारलं नाही. गच्चीवरचे चोक खाली आणून ट्यूबांत बसवायचे राहिले आहेत. चौघींना निरोप पाठवला, उद्या रविवार असला तरी सातला या. इंदूनं उलटा निरोप पाठवला, सहाला येते.